सर्जरीच्या रेसिडेंटकडून संशोधन होतं ते कसं

एमएस जनरल सर्जरी हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या रेसिडेंट, म्हणजे निवासी, डॉक्टरांना थीसिस (संशोधन प्रबंध) सक्तीचा आहे. अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी तो विद्यापीठाकडे जमा करावा लागतो आणि मान्य झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे मुंबईतल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजात दरवर्षी सर्जरीचे थीसिस लिहिले जातात, बांधले जातात, लायब्ररीत जातात. त्यातले मोजकेच पुढे पेपर म्हणून छापून येतात. एखाद्या थीसिसमुळे युनिटची (एका वरिष्ठ सर्जनच्या हाताखालच्या गटाची) ड्रेसिंगची किंवा अँटिबायोटिकची पद्धत बदलली, असं तर क्वचितच घडतं. शहरातल्या एका मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात सर्जरीचे गाईड (थीसिसचे मार्गदर्शक) म्हणून काम करताना आम्ही ही सगळी प्रक्रिया विषय निवडण्यापासून पेपर पाठवण्यापर्यंत नीट लावून घेतली. काय करावं लागतं, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे मांडतो आहोत.

रेसिडेंटना संशोधनाची गोडी नसते, अशी तक्रार सीनियर मंडळींकडून नेहमी ऐकू येते. आम्हाला ती पटत नाही. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला, म्हणजे हाऊसमनला, कुतूहल भरपूर असतं. पण त्याचा दिवस पहाटे ब्लड कलेक्शनने सुरू होतो. मग ड्रेसिंग, सकाळचा राऊंड, ओपीडी किंवा ओटी (ऑपरेशन थिएटर), सीटीची तारीख मिळवणं, ब्लड बँकेच्या फेऱ्या, डिस्चार्ज कार्डं आणि पुन्हा संध्याकाळचा राऊंड. इमर्जन्सीच्या दिवशी तर दिवसरात्र कॅज्युअल्टी. अशा दिवसात ‘संशोधन’ नावाचं आणखी एक काम घुसवायला जागाच नसते. रोज जे करावंच लागतं त्याच्या आत ते बसवलं तर होतं, बाहेर ठेवलं तर राहून जातं. आणि ते आत बसवणं हे रेसिडेंटचं काम नाही, युनिटचं आहे.

नवे रेसिडेंट रुजू होण्याआधीच गाईडने युनिटचं ओटी रजिस्टर आणि ॲडमिशन रजिस्टर घेऊन बसावं. मागच्या वर्षभरात कुठलं ऑपरेशन किती वेळा झालं, कुठल्या निदानाचे किती रुग्ण दाखल झाले, त्याची यादी करावी. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे, डायबेटिक फूट (मधुमेहाने चिघळलेला पाय), परफोरेशन (जठर किंवा आतड्याला पडलेलं भोक), लिव्हर ॲब्सेस (यकृतातला पू), पोटाचा टीबी, लोकलच्या अपघातातले जखमी, हे रुग्ण मुंबईच्या पालिका आणि सरकारी रुग्णालयांत वर्षभर येत असतात. मग साधा हिशेब करायचा. समजा, युनिटमध्ये वर्षाला ८० लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं) होतात. तीन वर्षांतले पहिले सहा ते आठ महिने सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा) आणि एथिक्स कमिटीत (संशोधनाला परवानगी देणारी समिती) जातात. शेवटचे सहा महिने थीसिस आधीच जमा झालेला असतो आणि त्यापूर्वीचे तीन-चार महिने लिखाणाचे. म्हणजे रुग्ण घ्यायला उरतं दीड वर्ष. त्यातही जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या रेसिडेन्सीचे तीन महिने रेसिडेंट युनिटमध्ये नसतोच. कागदावर १२० रुग्ण दिसतात. निकषांत न बसणारे, संमती न देणारे आणि फॉलो-अपला न येणारे वजा केले की साठ-सत्तर हाती लागतात. जो प्रश्न या साठ-सत्तर रुग्णांत सुटतो, तोच विषय घ्यायचा.

विषय फसतात ते ठरावीक कारणांनी. आजार दुर्मिळ असतो आणि दीड वर्षात सात रुग्ण मिळतात. किंवा तपासणी अशी निवडलेली असते की ती रुग्णालयात मोफत होत नाही, आणि संशोधनासाठीच्या तपासणीचा खर्च रुग्णाच्या माथी मारता येत नाही. हर्निया पुन्हा होतो का, हा प्रश्न चांगला आहे, पण त्याचं उत्तर मिळायला काही वर्षं थांबावं लागतं; थीसिसमध्ये तीन महिन्यांनंतरचं दुखणं मोजता येतं. ‘लॅप विरुद्ध ओपन’ (दुर्बिणीने की पोट उघडून) हा विषय तर दर वर्षी कुणीतरी घेतोच. त्यात खोट अशी की, ज्यांची प्रकृती बरी त्यांनाच लॅप झालेलं असतं, त्यामुळे निकाल ऑपरेशनचा की रुग्णाच्या प्रकृतीचा हे कळतच नाही. लायब्ररीतल्या जुन्या थीसिसचं शीर्षक उचलून साल बदलणं हा शेवटचा प्रकार. त्याला गाईडने पहिल्या बैठकीतच नाही म्हणावं.

चांगला प्रश्न म्हणजे महागडा प्रश्न नव्हे, हे रेसिडेंटला दाखवण्यासाठी आम्ही दोन उदाहरणं समोर ठेवतो. पहिलं आपल्या धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचं. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या मेशऐवजी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी वापरली आणि २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत अनेक केंद्रांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे युगांडात स्वस्त जाळी आणि बाजारातली मेश यांची रँडमाइज्ड (चिठ्ठी काढल्यासारखे गट पाडून) तुलना झाली, ३०२ पुरुषांवर, आणि ती २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. दुसरं उदाहरण परळचं. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातल्या ११ केंद्रांवर स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) टोचून पाहिलं गेलं. त्यात १,५८३ स्त्रिया होत्या. पाच वर्षं आजाराविना राहिलेल्यांचं प्रमाण ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. लिग्नोकेनची बाटली प्रत्येक ओटीच्या ट्रॉलीवर असते. प्रश्न विचारायला ती पुरेशी ठरली.

विषय सुचला की तो एका वाक्यात लिहून आणायला सांगतो. कोणते रुग्ण, त्यांचं काय केलं, कशाशी तुलना, काय मोजलं आणि किती दिवसांनी. या पाचांपैकी एकही जागा रिकामी असली तर सिनॉप्सिस लिहायला घ्यायचा नाही. ‘डायबेटिक फूटचा अभ्यास’ हा विषय होत नाही. ‘दाखल झालेल्या डायबेटिक फूटच्या रुग्णांत पहिल्या डिब्राइडमेंटपर्यंत (सडलेला भाग कापून काढणं) गेलेले तास आणि ३० दिवसांतलं मोठं ॲम्प्युटेशन (पाय कापावा लागणं) यांचा संबंध’ हा विषय होतो, कारण त्यात काय मोजायचं आणि कधी थांबायचं ते ठरलेलं आहे.

रुग्णसंख्येचा हिशेब बहुतेक सिनॉप्सिसमध्ये कुठून तरी उतरवलेला असतो. तो रेसिडेंटने स्वतः हाताने करावा, असा आमचा आग्रह आहे. एखाद्या गोष्टीचं प्रमाण काढायचं असेल तर सूत्र सोपं आहे: ३.८४ ला (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरीव आकडा) अपेक्षित प्रमाणाने आणि एक वजा त्या प्रमाणाने गुणायचं, आणि चालेल तेवढ्या चुकीच्या वर्गाने भागायचं. इमर्जन्सी लॅपरोटॉमीनंतर (पोट उघडून केलेलं तातडीचं ऑपरेशन) जखमेत पू होण्याचं प्रमाण १५ टक्के धरलं आणि पाच टक्के इकडेतिकडे चालेल असं म्हटलं, तर १९६ रुग्ण लागतात. सात टक्के चालेल म्हटलं तर १००. म्हणजे आकडा आकाशातून पडत नाही, आपण किती अचूक उत्तर मागतो त्यावर तो ठरतो. दोन गटांची तुलना असेल तर गणित कठोर होतं. संसर्ग २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला, हे ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) दाखवायचं तर प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण हवेत. एका युनिटमधल्या एका रेसिडेंटला दीड वर्षात ४०० लॅपरोटॉमी मिळत नाहीत. मग तीस-तीसचे दोन गट करून शेवटी ‘फरक आढळला नाही’ असं लिहिलं जातं, आणि वाचणारा समजतो की फरक नाहीच. खरं तर फरक असता तरी दिसला नसता, इतके ते रुग्ण कमी होते.

यावर मार्ग आहे. हो-नाही असं उत्तर असलेल्या निकालाऐवजी मोजता येणारा निकाल घ्यायचा. दहापैकी दुखण्याचा स्कोअर घेतला, त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवतीचा विखुरलेपणा) दीड धरलं आणि एका गुणाचा फरक महत्त्वाचा मानला, तर प्रत्येक गटात ३६ रुग्ण पुरतात. गळती धरून ४० घ्यावेत. तीस-तीसच्या त्याच मोहातून बाहेर पडायचा दुसरा मार्ग म्हणजे युनिटं एकत्र येणं, त्याबद्दल पुढे. स्टॅटिस्टिशियनकडे किंवा पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या सहकाऱ्याकडे जायचं ते या टप्प्यावर. डेटा गोळा झाल्यावर त्याच्याकडे गेलं तर तो फार तर अभ्यास कुठे फसला एवढंच सांगू शकतो.

एथिक्स कमिटीबद्दल रेसिडेंटच्या मनात भीती असते, आणि ती माहितीच्या अभावातून येते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा नीट वाचली की कमिटी काय विचारणार हे आधीच कळतं. कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, एक कायद्याचा जाणकार आणि एक सर्वसामान्य नागरिक असतो. प्रस्तावाचं वर्गीकरण तीन प्रकारे होतं: परीक्षणातून सूट, जलद परीक्षण आणि पूर्ण कमिटीपुढे. जुन्या केसपेपरवरचा, नावं काढून टाकलेला अभ्यास पूर्ण बैठकीपर्यंत सहसा जावा लागत नाही. रुग्णावर नवं काही करायचं असेल तर जावं लागतं. बैठकीची तारीख चुकली की पुढच्या बैठकीपर्यंत थांबणं आलं, म्हणून कागद आधी तयार हवेत: प्रोटोकॉल (अभ्यासाची सविस्तर योजना), प्रोफॉर्मा (रुग्णाची माहिती भरायचा फॉर्म), रुग्णासाठी माहितीपत्रक, संमतीपत्र, खर्चाचा तपशील, विभागप्रमुखांची सही, आणि भूल किंवा रेडिओलॉजीचा संबंध असेल तर त्या विभागाची लेखी संमती. ही शेवटची सही विसरली जाते आणि तेवढ्यावरून प्रस्ताव परत येतो.

सर्वांत जास्त शंका निघतात त्या संमतीपत्रावर. मराठी आणि हिंदी मजकूर इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेला असतो, आणि ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द वाचून वॉर्डातल्या रुग्णाला काहीच कळत नाही. ‘तुम्हाला कुठली पद्धत मिळेल ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल’ असं लिहिलं की कळतं. मजकूर तयार झाल्यावर तो वॉर्डातल्या मावशींना किंवा एखाद्या नातेवाइकाला वाचायला द्यावा आणि काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावं. यापेक्षा चांगली परीक्षा आम्हाला सापडलेली नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्याबरोबर त्रयस्थ साक्षीदाराची सही लागते, आणि तो साक्षीदार युनिटचा डॉक्टर नसावा. रात्री दोन वाजता परफोरेशन घेऊन कळवळत आलेल्या माणसाकडून ऑपरेशनची आणि अभ्यासाची संमती एकाच दमात घेणं योग्य नाही. केवळ निरीक्षणाचा अभ्यास असेल तर रुग्ण स्थिरावल्यावर संमती घेण्याची परवानगी प्रोटोकॉलमध्येच मागून ठेवावी.

परवानगीचं पत्र आलं की उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासाची सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्सची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी करायची. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हावी लागते, मागाहून होत नाही. पोर्टलवरून शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, त्यात काही आठवडे सहज जातात. नोंदणीआधी रुग्ण घ्यायला सुरुवात केली तर नंतर चांगली जर्नल्स पेपर दारातूनच परत पाठवतात. तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही. याच काळात चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयईचा (राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था) बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन बेसिक कोर्स उरकून घ्यावा. तो सर्व पीजींना (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) सक्तीचा आहे, आणि स्वतःचा प्रोटोकॉल शेजारी ठेवून त्याची व्याख्यानं ऐकली तर त्यातलं बरंच लगेच कामाला येतं.

आता प्रोफॉर्मा. थीसिस टिकतो की कोसळतो हे आमच्या मते इथेच ठरतं. एका कागदाच्या दोन बाजूंवर मावेल एवढाच फॉर्म करायचा. सहा पानांचा फॉर्म पहिल्या दहा रुग्णांत पूर्ण भरला जातो, नंतर पहिलं पान भरलं जातं, बाकीचं ‘केसपेपरवरून उतरवू’ म्हणून सोडलं जातं. मग एमआरडीतून (जुने केसपेपर ठेवायचा विभाग) केसपेपर काढायला गेलं की कळतं, त्यात मधुमेह किती वर्षांचा ते लिहिलेलंच नाही. फॉर्ममधला प्रत्येक रकाना कुठल्या तक्त्यात जाणार आहे ते आधी ठरवावं. आम्ही रेसिडेंटला निकालाचे रिकामे तक्ते सिनॉप्सिसबरोबरच आखायला लावतो. ज्या रकान्याला तक्त्यात जागा नाही तो फॉर्ममधून जातो. पाच रुग्णांवर फॉर्म भरून पाहायचा, अडखळतो तिथे बदलायचा, आणि मगच छापायचा. बदल मोठा असेल तर कमिटीला कळवायचं.

व्याख्या फॉर्मच्या तळाशीच छापलेल्या असाव्यात. जखमेचा संसर्ग म्हणजे काय, यावर हाऊसमन, रजिस्ट्रार आणि लेक्चरर तिघांची तीन मतं असतात. सीडीसीची (अमेरिकेतली रोग नियंत्रण संस्था) व्याख्या घेतली तर वरवरचा, खोल आणि पोटातल्या पोकळीतला असे तीन प्रकार होतात आणि मुदत ३० दिवसांची. मेश बसवलेल्या हर्नियात खोल संसर्गासाठी ९० दिवस. टाके काढायच्या दिवशी जखम कोरडी दिसली म्हणून ‘संसर्ग नाही’ अशी खूण करून फॉर्म बंद केला, तर पंधराव्या दिवशी पू झालेला रुग्ण हिशेबात येतच नाही. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीसाठी क्लाव्हियन-डिंडोचे २००४ चे पाच ग्रेड वापरावेत. काय झालं यापेक्षा त्यासाठी काय करावं लागलं यावर ते ठरतात, म्हणून वाद कमी होतात.

रुग्ण निसटतात कुठे? रात्री, रविवारी, सणासुदीला, आणि पहिल्या काही तासांत दगावणारे. डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी) घेऊन जाणारेही. राहतात ते दिवसा आलेले, बऱ्यापैकी प्रकृतीचे, आणि मग निकाल वास्तवापेक्षा गोड दिसतो. यासाठी स्क्रीनिंग लॉग ठेवावा लागतो. निकषांत बसणाऱ्या प्रत्येक रुग्णाची एक ओळ: तारीख, आयपीडी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक), घेतला की नाही, नसेल तर का. हे काम थीसिस ज्याचा आहे त्याच्या एकट्यावर सोडलं तर तो झोपला असेल त्या रात्रीच्या ओळी रिकाम्या राहतात. आमच्याकडे इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या राऊंडला सर्व ॲडमिशन वाचून दाखवतात, त्याच वेळी लॉग भरला जातो. राऊंड तसाही व्हायचाच असतो, त्याला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. जोड्याही लावून दिल्या आहेत. एक रेसिडेंट जिल्ह्याच्या रेसिडेन्सीवर गेला की जोडीदार त्याचे रुग्ण घेतो, आणि ही अदलाबदल एथिक्सच्या अर्जात सहसंशोधक म्हणून आधीच लिहिलेली असते.

फॉलो-अप ही मुंबईतली खास अडचण. ऑपरेशन झालं की रुग्ण गावी जातो, कुणी कोकणात, कुणी उत्तर प्रदेश-बिहारमध्ये. गणपतीत आणि मे महिन्यात ओपीडीत जुने रुग्ण दिसतच नाहीत. मोबाइल नंबर बदलतात. म्हणून दाखल होतानाच दोन नंबर घ्यायचे, एक रुग्णाचा आणि एक गावाकडच्या किंवा शेजारच्या माणसाचा, आणि डिस्चार्जआधी दोन्ही लावून पाहायचे. तारीख अशी द्यायची की रुग्णाचंही काम होईल: टाके काढणं, बायोप्सीचा रिपोर्ट, कामावर रुजू व्हायचं सर्टिफिकेट. तिसाव्या दिवशी फोन करायचा तर प्रश्न लिहिलेले हवेत: ताप आला का, जखमेतून पू आला का, बाहेरच्या डॉक्टरकडून गोळ्या किंवा ड्रेसिंग करून घेतलं का, पुन्हा कुठे दाखल व्हावं लागलं का. ‘बरे आहात ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ असंच येतं. जखमेचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा असेल तर त्याची संमती वेगळी घ्यावी, चेहरा किंवा नाव दिसू नये, आणि फोटो युनिटच्या ग्रुपवर फिरू नये. पाचातला एकाहून जास्त रुग्ण हरवला तर निष्कर्षावर भरवसा ठेवणं कठीण होतं.

हे सगळं करायला वेळ लागतो आणि तो कुणीतरी काढून द्यावा लागतो. आठवड्यातून एक दुपार, दोन तास. दिवस निवडताना ओपीडी, ओटी, इमर्जन्सी आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार सोडायची. उरतो तो दिवस युनिट हेडने सगळ्यांसमोर जाहीर करायचा. त्या दोन तासांत रेसिडेंटचे कॉल सहकारी घेतो. तोंडी ‘वेळ काढ’ म्हटलं तर तो वेळ ड्रेसिंगमध्येच जातो. युनिट हेडने आणखी एक करावं: आठवड्याच्या मोठ्या राऊंडला प्रत्येक थीसिसचे किती रुग्ण झाले ते विचारावं. रजिस्ट्रार रूममधल्या बोर्डवर ठरलेली संख्या आणि झालेली संख्या शेजारी शेजारी लिहिलेल्या असल्या की मागे पडलेला अभ्यास सहाव्या महिन्यात दिसतो, अठराव्या नाही. सहाव्या महिन्यात निकष सैल करता येतात, दुसरं युनिट जोडून घेता येतं. अठराव्या महिन्यात रेसिडेंटवर आकडे ‘पूर्ण’ करायचा दबाव येतो, आणि खोटे फॉर्म भरले जाण्याचा धोका तिथेच असतो. हा धोका टाळणं सर्वस्वी गाईडच्या हातात आहे.

मास्टर चार्टबद्दल (सर्व रुग्णांच्या माहितीचा एकत्र तक्ता) थोडंच सांगतो. एका रुग्णाला एक ओळ, एका रकान्यात एकच गोष्ट. हिमोग्लोबिनच्या रकान्यात ‘१०.२ ग्रॅम’ लिहिलं की संगणक तो आकडा मानत नाही. तारखांत महिना आणि दिवस उलटे होतात, म्हणून महिना अक्षरांत लिहावा. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवावा, शून्य भरू नये. शून्य ही माहिती झाली. कुठला कोड कशासाठी, ते वेगळ्या पानावर (कोडबुक). नाव आणि आयपीडी नंबर असलेली किल्ली वेगळ्या फाईलमध्ये, पासवर्डसह. विश्लेषणासाठी जामोवी आणि आर ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, संदर्भांसाठी झोटेरो. आधी ठरवलेला मुख्य निकाल आधी तपासायचा. तो निघाला नाही म्हणून वीस उपगट पाडून त्यातला एक ‘सिग्निफिकंट’ उचलणं हा विज्ञानाचा अपमान आहे. पाच टक्क्यांच्या कसोटीवर वीसातला एक योगायोगानेही निघतो. फरक न दिसलेला, पण नीट केलेला अभ्यासही छापण्याजोगा असतो.

थीसिसशिवाय इतर मार्ग रेसिडेंटना कमी माहीत असतात. त्यातला सर्वांत फलदायी, ऑडिट. उदाहरण घ्या: डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या शिफारशीनुसार प्रतिबंधक अँटिबायोटिक छेद घेण्याआधीच्या १२० मिनिटांत द्यावं आणि ऑपरेशन संपल्यावर चालू ठेवू नये. मागचे ५० केसपेपर काढायचे आणि दोन गोष्टी पाहायच्या: डोसची वेळ लिहिली आहे का, आणि अँटिबायोटिक किती दिवस चाललं. निकाल युनिटपुढे मांडायचा, भूलतज्ज्ञांशी आणि ओटीच्या सिस्टरांशी बोलून एक बदल करायचा, जसं की टाइम-आऊटच्या (छेद घेण्याआधीची शेवटची उजळणी) वेळी डोसची वेळ मोठ्याने सांगणं. दोन-तीन महिन्यांनी पुढचे ५० केसपेपर. दुसरी फेरी झाली तरच ते ऑडिट. पहिल्या फेरीवर थांबलं तर ती नुसती मोजणी. दोन रेसिडेंट काही महिन्यांत हे पूर्ण करू शकतात आणि त्याचा फायदा पुढच्याच महिन्यात आलेल्या रुग्णाला होतो.

दुसरा मार्ग एकत्र येण्याचा. ब्रिटनमध्ये शिकाऊ सर्जननी मिळून चालवलेली रॉसिनी ट्रायल आठवावी. २१ रुग्णालयं, ७६० रुग्ण, जखमेच्या कडा झाकणाऱ्या उपकरणाने संसर्ग कमी होत नाही असं उत्तर, आणि ते २०१३ मध्ये बीएमजेत (ब्रिटनचं वैद्यकीय नियतकालिक) आलं. चीता ट्रायल तर भारतासह सात देशांत झाली. पोट बंद करण्याआधी हातमोजे आणि उपकरणं बदलल्यावर संसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला, आणि तीन टक्क्यांचा हा फरक दिसायला १३,३०१ रुग्ण लागले. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर आणि जेजे एकमेकांपासून लोकलच्या अंतरावर आहेत आणि त्यांच्या वॉर्डांत तेच आजार आहेत. पाच ठिकाणच्या रेसिडेंटनी एकच फॉर्म, एकच व्याख्या आणि एकच महिना ठरवला तर एकट्याला दीड वर्षात न मिळणारे रुग्ण काही आठवड्यांत मिळतील. प्रत्येक संस्थेच्या कमिटीची परवानगी वेगळी लागेल आणि डेटा कुणाकडे राहील याचा लेखी करार लागेल. काम कटकटीचं आहे, पण करण्याजोगं आहे.

लेखकांची नावं आणि क्रम पहिल्याच बैठकीत कागदावर ठरवावेत. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती) चार अटी आहेत: आखणीत किंवा डेटात खरा वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण करणारा लेखक, बाकीच्यांचे आभार. ज्याचा थीसिस, तो पहिला लेखक. रेसिडेंटने काम करायचं आणि पहिलं नाव दुसऱ्याचं यायचं, असं एकदा झालं की पुढच्या तीन बॅचेसचा उत्साह मावळतो. पैसे भरा आणि आठवड्यात छापा, असे ईमेल येतात, त्यांना उत्तर देऊ नये. परळहून १९५५ पासून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन, इंडियन जर्नल ऑफ सर्जरी, अशी नावं आधी वाचायला आणि मग पाठवायला घ्यावीत. निरीक्षणाच्या अभ्यासाला स्ट्रोब आणि ट्रायलला कन्सॉर्ट ही पेपरात काय काय हवं त्याची यादी शेजारी ठेवून लिहिलं तर रिव्ह्यूअरच्या निम्म्या शंका आधीच मिटतात. उचललेला मजकूर सहज पकडला जातो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपुढच्या साम्यावर कारवाई आहे.

पेपर मरतो तो परीक्षेनंतर. रेसिडेंट फेलोशिपला किंवा गावी जातो, लॅपटॉप बदलतो आणि डेटा त्याच्याबरोबर जातो. म्हणून थीसिस जमा होतो त्याच महिन्यात अडीच-तीन हजार शब्दांचा पेपरचा कच्चा मसुदा गाईडकडे यायला हवा, कारण आकडे तेव्हा डोक्यात ताजे असतात आणि परीक्षेच्या अभ्यासाला अजून जोर चढलेला नसतो. मॅसिकॉनला (महाराष्ट्रातल्या सर्जनांची परिषद) पोस्टर किंवा पेपर वाचायचा असेल तर त्याचा ॲबस्ट्रॅक्टही याच मसुद्यातून निघतो. विभाग सोडताना मास्टर चार्ट, कोडबुक, किल्लीची फाईल, सह्या असलेली संमतीपत्रं, स्क्रीनिंग लॉग आणि एथिक्सचं पत्र हे सगळं गाईडच्या ताब्यात द्यायचं. कमिटीला अभ्यास संपल्याचा अहवाल पाठवायचा आणि कागद किमान तीन वर्षं, नियामक ट्रायल (औषध नियंत्रकाच्या परवानगीने होणारी) असेल तर पाच वर्षं, कुलूपबंद कपाटात ठेवायचे. नव्या हाऊसमनला त्याच डेटावर पुढचा प्रश्न विचारायचा असेल तर कमिटीकडे नवा अर्ज करावा लागतो. जुन्या संमतीपत्रात ‘पुढील संशोधनासाठी वापर’ हा चौकोन असला आणि रुग्णाने त्यावर खूण केलेली असली तर तो अर्ज सोपा जातो. तेव्हा तो चौकोन पहिल्याच मसुद्यात घालून ठेवावा.